निरंक

मावशी लेबर रूमच्या मागच्या ओट्यावर बसल्या होत्या आणि डाव्या हाताचा अंगठा त्यांनी तोंडात धरला होता. २०१७ चा मे महिना, सकाळचे साडेअकरा. आमच्या खान्देशात मे महिन्यात या वेळेला ओट्यावर कोणी बसत नाही, फरशी चटका देते. म्हणून मी थांबले.

"मावशी, काय झालं?"

"काई नई शिस्टर. जराशी सुई लागनी."

"कधी?"

"सकायले. थैली उचलताना."

मी अंगठा उजेडात धरून पाहिला. नखाच्या कडेला बारीक काळपट ठिपका, मोहरीएवढाही नाही. रक्त केव्हाच थांबलेलं. त्यांनी आधी अंगठा पिळून पिळून रक्त काढलं होतं, मग पदराला पुसलं, मग हळद दाबली आणि आग व्हायला लागली तसं बोट तोंडात घातलं. जे जे करायचं नाही ते सगळं झालं होतं. करायचं होतं ते सोपं होतं. वाहत्या नळाखाली हात धरायचा, साबणानं धुवायचा, पिळायचं नाही, चोखायचं नाही, आणि त्याच पावली कोणाला तरी सांगायचं.

"मग सांगितलं का नाही कोणाला?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि पदर सारखा केला. "सांगीसन काय करू? ठेकेदार म्हनी, काम जमत नई तं घर बस."

सुई सातच्या सुमाराला लागली होती. एचआयव्हीपासून बचावाच्या गोळ्या शक्यतो पहिल्या दोन तासांत सुरू व्हाव्या लागतात. बहात्तर तासांपर्यंत देता येतात, पण जितका उशीर तितका भरवसा कमी. साडेचार तास मावशींनी अंगठा तोंडात धरून आणि वॉर्ड झाडून काढले होते. आमच्याकडच्या समुपदेशक ताईंना बोलावलं, डॉक्टरसाहेबांना उठवून आणलं, रक्त घेतलं आणि तासाभरात पहिला डोस त्यांच्या पोटात गेला. सुई कोणत्या पेशंटची ते कळायला मार्ग नव्हता. ती थैलीतली होती.

अठ्ठावीस दिवस गोळ्या. मळमळ, तोंडाची चव गेलेली, अन्नावरची वासना उडालेली. त्या अठ्ठावीस दिवसांत मावशींनी एकही खाडा केला नाही. पुढचे सहा महिने ठरलेल्या तपासण्या केल्या आणि सगळ्या स्वच्छ निघाल्या. हे आधीच सांगून टाकते, कारण वाचणाऱ्याचा जीव टांगणीला लावावा असं मला वाटत नाही. आमचे दोघींचे जीव टांगणीला लागले होते तेवढं पुरे.

त्याच संध्याकाळी मी ट्रेनिंगचं रजिस्टर काढलं. मार्चमध्ये जैववैद्यकीय कचरा आणि कर्मचारी सुरक्षा या विषयावर प्रशिक्षण झालेलं होतं. उपस्थितांच्या यादीत मावशींचं नाव होतं आणि नावापुढे निळ्या शाईचा ठसा होता. डाव्या अंगठ्याचा.

तो ठसा घेतला होता मी.

त्या दिवशी काय झालं होतं ते मला नीट आठवतं. हॉलमध्ये पडद्यावर इंग्रजी स्लाइड्स होत्या. पुढच्या रांगेत अधिकारी, मागे आम्ही सिस्टर, त्यामागे फार्मासिस्ट आणि लॅबवाले. मावशी-मामा लोकांना वॉर्ड सोडता येईना, म्हणून ते शेवटी दहा मिनिटं येऊन दाराशी उभे राहिले. मी स्टॅम्प पॅड घेऊन एकेकाचा अंगठा उमटवून घेतला, कारण यादी त्याच दिवशी जिल्ह्याला पाठवायची होती. शिकवणारे विषयाचे जाणकार होते, त्यांनी मनापासून शिकवलं. पण कचऱ्याची थैली ज्यांच्या हातून जाते ते हात दाराबाहेर होते.

आता थोडं त्या थैलीबद्दल. २०१६ चे जैववैद्यकीय कचरा नियम अगदी साध्या रंगांवर उभे आहेत. रक्तानं भिजलेला कापूस, ड्रेसिंग, बाळंतपणात पडलेली वार हे सगळं पिवळ्या थैलीत. सलाइनच्या नळ्या, सुई काढलेली सिरिंज, हातमोजे लाल थैलीत. सुया, ब्लेड असं टोचणारं-कापणारं काहीही पांढऱ्या, आरपार भोक न पडणाऱ्या डब्यात, आणि तो डबा तीन चतुर्थांश भरला की बंद. काचेच्या बाटल्या, अँप्युल निळ्या खुणेच्या खोक्यात. मावशींना जी सुई टोचली ती पिवळ्या थैलीत होती. तिथे ती मावशींनी टाकली नव्हती. रात्रीच्या घाईच्या डिलिव्हरीत आमच्यापैकीच कोणीतरी, एखाद्या सिस्टरनं किंवा डॉक्टरनं, कापसाबरोबर ती गुंडाळून टाकली होती. चूक करणारा हात एक आणि भोगणारा हात दुसरा. म्हणून हे प्रशिक्षण सगळ्यांना हवं. माझं शिक्षण पक्कं नसेल तर अंगठा मावशींचा जातो.

याच नियमांत लिहिलं आहे की कचरा हाताळणाऱ्या प्रत्येकाला कामावर रुजू होताना आणि नंतर वर्षातून किमान एकदा प्रशिक्षण द्यायचं, प्रत्येकाची आरोग्य तपासणी करायची, हेपटायटिस बी आणि धनुर्वाताची लस द्यायची. ही लस का, हे सांगताना मी तीन आकडे सांगते, ते लक्षात राहतात. पेशंटला आजार असेल आणि त्याची सुई टोचली, तर एचआयव्ही होण्याची शक्यता हजारात तीन. हेपटायटिस सी शंभरात दोन-तीन. आणि हेपटायटिस बी, लस घेतलेली नसेल तर, शंभरात तीसपर्यंत. सगळे एचआयव्हीला घाबरतात आणि ज्याच्यावर तीन डोसची साधी लस आहे त्याच्याकडे दुर्लक्ष करतात. मावशींचा एकही डोस झालेला नव्हता. वॉर्डात वर्षाला शेकडो बाळांना आम्ही जन्मल्या दिवशी हेपटायटिस बीची लस टोचतो, आणि त्याच खोलीची फरशी पुसणाऱ्या बाईला ती मिळालेली नव्हती.

मावशींनी सांगितलं नाही म्हणून मी त्यांना रागावले नाही. रागवायचा मला अधिकार नव्हता.

१९९६ सालची गोष्ट. नोकरीला लागून दोन वर्षं झालेली, नाइट ड्युटी, वॉर्डात मी एकटी आणि एक वॉर्डबॉय. तेव्हा आम्हाला इंजेक्शन दिल्यावर सुईवर टोपण परत लावायला शिकवलेलं असायचं. पहाटे चारला डोळे मिटत असताना मी ते लावायला गेले आणि सुई टोपणाच्या कडेवरून घसरून डाव्या तर्जनीत शिरली. ज्या माणसाला इंजेक्शन दिलं होतं तो ट्रक चालवणारा होता, महिनाभर ताप उतरत नव्हता, वजन घटलेलं. मी हात स्पिरिटमध्ये बुडवला आणि उभी राहिले. सकाळी एका ज्येष्ठ सिस्टरला सांगितलं. तिनं दार लोटलं आणि म्हणाली, "कोणाजवळ बोलू नकोस. तुझं लग्न व्हायचंय."

ती दुष्ट नव्हती, माझ्या काळजीनंच बोलली. पण त्या एका वाक्यानं माझे सहा महिने खाल्ले. मी जळगावला जाऊन एका लॅबमध्ये दुसरं नाव सांगून रक्त तपासलं. तीन महिन्यांनी पुन्हा गेले, तेव्हा आधी कोणतं नाव सांगितलं होतं तेच आठवेना. घरी आई म्हणायची, पोरगी खंगली. मी आईच्या ताटातलं उचलून खाणं बंद केलं होतं, तिला वाटायचं नोकरी लागल्यापासून शिष्ट झाली. मला काही झालं नाही. पण हे मी माझ्या नवऱ्यालासुद्धा पंधरा वर्षांनी सांगितलं.

आमच्या आस्थापनेतून दरवर्षी कचरा व्यवस्थापनाचा वार्षिक अहवाल जातो. त्यात वर्षभरात काम करताना झालेल्या अपघातांची माहिती द्यायची असते. सरकारी नोकरीत ज्यांचं आयुष्य गेलं त्यांना सांगायला नको, अशा रकान्यात आम्ही काय लिहितो. निरंक. १९९६ मध्ये अपघातांची नोंद ठेवायचा रिवाजच नव्हता, पण असता तरी तिथे निरंकच लिहिलं गेलं असतं. २०१७ च्या मेपर्यंतही आमचा रकाना निरंक होता. एकही सुई टोचली नाही, एकही काच लागली नाही, कोणाच्या डोळ्यात रक्ताचा थेंब उडाला नाही. हा शब्द मी स्वतः किती वर्षं सुवाच्य अक्षरात लिहिला आहे.

मावशींच्या गोळ्या सुरू असतानाच मी मेट्रनबाईंना म्हटलं, ट्रेनिंग मी घेते. हॉल नको, पडदा नको. सकाळी आठला रात्रपाळी उतरते आणि दिवसपाळी चढते, तेव्हा दोन्ही पाळ्यांची माणसं पंधरा मिनिटं एकत्र असतात. तेवढी पंधरा मिनिटं द्या, व्हरांड्यातच घेते. त्या हो म्हणाल्या. अंगठ्याची यादी ठेवायचीच, तीही ठेवा म्हणाल्या, ऑडिटला लागते.

पहिल्या दिवशी मी शुद्ध मराठीत सुरुवात केली. कक्षसेवकांनी संसर्गजन्य कचऱ्याचे विलगीकरण वगैरे. समोरच्या बायका माना डोलवत होत्या, आणि ज्या मानांना मी वीस वर्षं ओळखते त्या कधी कळल्यामुळे डोलतात आणि कधी साहेब बोलतोय म्हणून डोलतात हे मला समजतं. मी थांबले. माझ्या घरात आजीपासून अहिराणी बोलली जाते. मी पांढरा डबा उचलला आणि म्हटलं, "ज्या वस्तू टोचतस त्या पांढरा डब्बामा. रगत लागेल कापूस पिवळी थैलीमा. रबर-नळी लाल थैलीमा. काचनी बाटली निळा खोकामा." व्हरांड्यात एकदम हालचाल झाली. मागे बसलेली एक जण पुढे सरकून बसली. मामांनी विचारलं, "आनि शिस्टर, सुई लागेल शिरिंज तशीच टाकी दिधी तं?" गेल्या कित्येक ट्रेनिंगमध्ये त्या लोकांनी विचारलेला तो पहिला प्रश्न होता.

सातपुड्याच्या पायथ्याचं आमचं गाव, त्यामुळे दोघी-तिघी पावरा या आदिवासी समाजातल्या. त्यांना अहिराणीही अर्धीच कळायची. त्यांच्यातल्याच एकीनं मग पावरीत सांगायला सुरुवात केली, आणि मी जे दोन वाक्यांत सांगितलं ते ती सहा-सात वाक्यांत सांगायची. काय वाढवते आहे ते मला समजायचं नाही. पण ऐकणाऱ्या जणी आपापल्या बोटांकडे बघायच्या, म्हणजे ती योग्य तेच सांगत असणार.

लहानपणी मामीनं मला मांडे शिकवले तो प्रसंग मला या काळात फार आठवला. खान्देशात पुरणाचे मांडे खापरावर भाजतात. चुलीवर मातीचं खापर पालथं तापलेलं असतं, पुरण भरलेली पोळी दोन्ही हातांवर झुलवत कोपरापर्यंत मोठी करायची आणि एका झोकात खापरावर टाकायची. बघणाऱ्याला कौतुक हातावरच्या पोळीचं वाटतं. मामीनं मला चार दिवस पोळीला हातच लावू दिला नाही. "पहिले पदर खोस," एवढंच. मग बांगड्या मागे सार. मग चुलीच्या कोणत्या बाजूला उभं राहायचं, वारा कुठून येतो. नऊवारीचा पदर जाळात गेलेली एक बाई तिनं पाहिली होती. ती बाई कोण, ते तिनं कधी सांगितलं नाही, पण मी आजही गॅसजवळ गेले की हात आपोआप पदराकडे जातो. कोणत्याही अभ्यासक्रमानं माझ्या हातात इतकं खोल काही उतरवलेलं नाही.

तसं उतरावं म्हणून मी कुंकू वापरलं. हातमोजे घालून दोन्ही हात कुंकवाच्या पाण्यात बुडवायचे, मग नेहमीसारखे मोजे काढायचे, आणि मग हात बघायचे. पहिल्यांदा मी सिस्टर लोकांपासून सुरुवात केली, मुद्दाम. आमच्यातल्या सगळ्यात अनुभवी सिस्टरच्या मनगटावर लाल पट्टा उठला. एका ब्रदरच्या गालावर बोट उमटलं, मोजे काढता काढता त्यानं चष्मा सारखा केला होता. मावशी लोक आधी हसले, मग एकेक जण पुढे आली. कुंकू कोणाच्या कोपरावर निघालं, कोणाच्या पदरावर. एकीनं पदराचा तो डाग दोन बोटांत धरला आणि म्हणाली, हाच पदर नेऊन मी पोराचं तोंड पुसते. त्यानंतर व्हरांड्यात कोणी बोललं नाही. मग आम्ही मोजे काढायची पद्धत वीस वेळा केली. पहिला मोजा बाहेरून मनगटाशी चिमटीत धरून उलटा काढायचा, तो दुसऱ्या मुठीत ठेवायचा, दुसऱ्याच्या आत उघडं बोट घालून तो पहिल्यावर उलटवायचा. तिसऱ्या-चौथ्या दिवशी मावशींचे हात स्वच्छ निघायला लागले.

सुईवर टोपण लावायचंच नाही, हा सिस्टर लोकांचा धडा. हे सवयीत इतकं मुरलेलं आहे की बोलून जात नाही. मी सगळ्यांना बॉलपेन दिले. टोपण टेबलावर ठेवायचं, एकच हात वापरायचा, लावावंच लागलं तर पेनानं टोपण उचलून घ्यायचं. दुसरा हात पाठीमागे. दोन दिवसांनी मला दिसलं की एक सिस्टर औषधांचं रजिस्टर लिहून झाल्यावर पेनाचं टोपण तसंच लावते आहे, डावा हात मागे घेऊन. तिच्या ते लक्षातही नव्हतं. त्या दिवशी मला फार बरं वाटलं.

२०२० आलं आणि सगळ्या जगानं हातमोजे कसे काढायचे ते शिकायला घेतलं. आमच्याकडच्या मावशींना ते येत होतं. पीपीई किटचं ट्रेनिंग आलं तेव्हा त्यांनी विचारलं, कुंकू आणायचं का? किट चढवणं सोपं, अवघड ते उतरवणं, कारण संसर्ग बाहेरच्या बाजूला बसलेला असतो आणि माणूस थकलेला असतो. पण त्या किटमध्ये आमच्यासाठी एक गोष्ट गृहीत धरलेली नव्हती, ती म्हणजे खान्देशचा उन्हाळा. बाहेर चव्वेचाळीस-पंचेचाळीस, आत पंखा घोंघावतोय तोही गरम, आणि अंगावर हवा न जाणारं पांढरं कापड. सहा तास पाणी नाही, लघवीला जाता येत नाही. किट काढल्यावर बुटातून घाम ओतावा लागायचा. एक सिस्टर ड्युटीवरच कोसळली. तिला सलाइन आम्हीच लावलं.

तेव्हापासून मी उन्हाळा हा विषय वेगळा घेते. उष्माघाताचे पेशंट ओळखायचं प्रशिक्षण आम्हाला दरवर्षी मिळतं. स्वतःला कधी भोवळ येणार आहे हे ओळखायचं कोणी शिकवत नाही. आमच्या भागातला माणूस ऊन म्हणजे सवयीची गोष्ट समजतो, डोक्याला रुमाल बांधला की झालं. पण प्लास्टिकचा एप्रन घालून दुपारी दोनला कचऱ्याच्या खोलीत वजन करणाऱ्या मामांना रुमालाचा काय उपयोग? ओआरएसची पाकिटं आमच्या कपाटात भरलेली असतात, ती पेशंटची. आम्ही एप्रिल-मेमध्ये सकाळी एक माठ भरून लिंबू-मीठ-साखरेचं पाणी ठेवतो, वजनाचं काम सकाळी आठच्या आत उरकतो आणि दुपारच्या पाळीत कोणालाही कचऱ्याच्या खोलीत एकट्यानं जाऊ देत नाही. यासाठी कोणाची मंजुरी लागली नाही, पैसाही फार लागला नाही. माझ्या ओळखीची एक सिस्टर नंदुरबारकडे नर्मदेच्या तरंगत्या दवाखान्याच्या कामाला होती. ती म्हणायची, आम्हाला सगळ्यात आधी लाइफ जॅकेटचे बंद बांधायला शिकवायला हवेत, बाकीचं मागाहून. जिथलं काम तिथला धोका, आणि तो तिथे राबणाऱ्यालाच आधी दिसतो. त्याला एकदा विचारलं तर अर्धा अभ्यासक्रम तोच सांगतो.

आगीचं प्रशिक्षण आम्हाला फार मोठी किंमत देऊन मिळालं. ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे भंडाऱ्याच्या जिल्हा सामान्य रुग्णालयात नवजात बाळांच्या कक्षाला आग लागली. सतरा बाळं होती, सात वाचली, दहा गेली. त्याच वर्षी ६ नोव्हेंबरला नगरच्या जिल्हा रुग्णालयात आयसीयूला आग लागून अकरा रुग्ण गेले. भंडाऱ्याची बातमी आली तेव्हा मी आमच्या बाळांच्या वॉर्मरजवळ उभी होते. भिंतीवर आग विझवायचं लाल सिलिंडर होतं. सत्तावीस वर्षं मी ते पाहत होते, त्याची धूळ पुसून घेत होते, मुदत संपल्यावर भरायला पाठवत होते. उचललं कधीच नव्हतं.

मग फायर ड्रिल सुरू झाली. अग्निशमन दलाच्या जवानांनी मागच्या मैदानात घमेल्यात डिझेल पेटवलं आणि सिलिंडर माझ्या हातात दिलं. वजन अंदाजापेक्षा जास्त होतं. पिन ओढली, निघेना. जोर लावला, निघेना. ज्वाळा समोर, पाठीमागे सगळा स्टाफ, आणि मला वाटलं हे सिलिंडरच खराब आहे. जवान शांतपणे म्हणाला, "ताई, दांडा सोडा. दांडा दाबून धरलाय तुम्ही, म्हणून पिन अडकते." घाबरलेला माणूस हातात येईल ते गच्च आवळतो, आणि आवळलेल्या हातातून पिन निघत नाही. ते कळायला मला घमेल्यातली आग लागली. हात सैल केला, पिन सुटली, नळी ज्वाळेवर नको, बुडावर धरायची, झाडू मारल्यासारखी डावी-उजवीकडे फिरवायची. पंधरा-वीस सेकंदांत सिलिंडर रिकामं. एवढाच वेळ मिळतो. आमच्या लेबर रूममध्ये खरंच काही पेटलं असतं, तर ते पंधरा-वीस सेकंद मी पिनेशी झटण्यात घालवले असते आणि भिंतीवर सिलिंडर आहे म्हणून तपासणीत बरोबरची खूण असती. १४ एप्रिल १९४४ ला मुंबईच्या गोदीतल्या स्फोटात सहासष्ट अग्निशमन जवान गेले, म्हणून त्या तारखेपासून अग्निशमन सेवा सप्ताह पाळतात. त्या आठवड्यात मी आता प्रत्येक नव्या मुलीच्या हातात सिलिंडर देते आणि पिन ओढायला लावते.

मोबाइलवरच्या कोर्सबद्दलही बोलायला हवं. मिशन कर्मयोगी ही सरकारी कर्मचाऱ्यांच्या प्रशिक्षणाची योजना आल्यापासून कोर्स मोबाइलवर करता येतात, प्रमाणपत्रही मिळतं. कार्यालयीन कामाच्या, नियमांच्या, लैंगिक छळाविरुद्धच्या कायद्याच्या गोष्टी त्यातून घरबसल्या कळतात, आणि दुर्गम भागातल्या कर्मचाऱ्याला तालुक्याला खेटे घालावे लागत नाहीत, याचं मोल मोठं आहे. मी स्वतः ते करते. फक्त पिन कशी अडकते ते त्यात हाताला कळत नाही.

आणि कायदा. व्यावसायिक सुरक्षा आणि आरोग्याची जी नवी संहिता २०२० मध्ये संसदेत मंजूर झाली आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली, तिच्या पहिल्याच कलमात लिहिलं आहे की केंद्र आणि राज्य सरकारच्या कार्यालयांना ती लागू नाही. त्याच कलमात पुढे आहे की त्या कार्यालयांत ठेकेदारामार्फत काम करणाऱ्या कंत्राटी कामगारांना ती लागू होईल. मी हे दोनदा वाचलं. कारखान्यातल्या कामगाराची सुरक्षितता तपासायला सरकारचा माणूस जातो. त्या माणसाच्या स्वतःच्या ऑफिसातली उघडी वायरिंग, जुन्या दप्तरांची धूळ, पडायला आलेलं छत कोण तपासणार, असं माझ्या मनात येतं. रेकॉर्ड रूममध्ये तीस वर्षं खोकत काढलेले कारकून मी पाहिले आहेत. त्यांच्यासाठीही कोणीतरी सकाळची पंधरा मिनिटं राखून ठेवायला हवीत. पण कंत्राटी कामगाराला कायद्यानं धरलं, नेमणुकीचं पत्र आणि ठरावीक वयानंतर वर्षाची मोफत तपासणी त्याच्या वाट्याला आली, हे वाचून मला आनंद झाला. मावशींसारख्यांना "घर बस" म्हणणं त्यामुळे थोडं तरी अवघड व्हावं.

वहीची गोष्ट राहिली. २०१७ च्या जूनमध्ये मी एक दोनशे पानी वही घेतली आणि ती ड्युटी रूमच्या टेबलावर ठेवली, कुलपात नाही. वर लिहिलं, टोचलं तर इथे सांगा. तारीख, वेळ, काय लागलं, कुठे लागलं, पुढे काय केलं. चूक कोणाची, हा रकाना ठेवला नाही. सुरुवातीला कोणी लिहीना. मग मी पहिल्या पानावर माझी १९९६ ची नोंद लिहिली. डावी तर्जनी, सुई, पहाटे चार, कोणाला सांगितलं नाही. सगळ्यांनी येऊन ती वाचली. मावशींना वाचता येत नाही, त्यांनी ती वाचून घेतली आणि मला विचारलं, "शिस्टर, तुमले बी?"

वर्षअखेरीला त्या वहीत नऊ नोंदी होत्या. वार्षिक अहवालात मी नऊ लिहिलं. वरून फोन आला, सिस्टर, दरवर्षी निरंक असतं, यंदा अचानक नऊ कसे, तुमच्याकडे निष्काळजीपणा वाढला का? मी म्हटलं, साहेब, टोचायचं पूर्वीही, आता सांगतात. नऊपैकी सात जणांना तासाच्या आत औषधोपचार मिळाला आणि एकाच खोलीतून चार नोंदी आल्या म्हणून तिथे डब्याची जागा बदलली, तेव्हापासून तिथली एकही नोंद नाही. ते थोडा वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, ठीक आहे, नऊच राहू द्या. त्या साहेबांचे मी मनापासून आभार मानते. आकडा बदला म्हणणं त्यांना सोपं होतं, आणि मी बदलला असता तर वही तिथेच संपली असती.

मावशी अजून आमच्याकडेच आहेत. ठेकेदार दोनदा बदलले. हेपटायटिस बीचे तिन्ही डोस झाले. नव्या बायका कामाला आल्या की पहिला दिवस मावशींच्या हाताखाली, हे आता न सांगता ठरलेलं आहे.

गेल्या पावसाळ्यात रात्री दोनला माझा फोन वाजला. त्या वेळी फोन वाजला की मी आधी घड्याळ बघते, मग नाव.

"शिस्टर, नवी पोरले सुई लागनी. घाबरी गई से."

"हात?"

"साबन लाईसन नळखाले धोयेल से. दाबू नई दिधं. डाक्टरले उठाडं."

मी चपला शोधत विचारलं, "किती वेळ झाला, मावशी?"

"दहा मिनिट बी नई झायात."